आपल्या घरी पाण्याला तण्णी म्हणतात

आप्पा,

त्यांच्या घरी सोफ्यावर बसून मी तण्णी मागितलं, आणि तिथं सगळं बदललं. शब्द तोंडातून गेला तसा आत स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला. तिच्या आईनं दारातून डोकावून बघितलं. तिच्या वडिलांनी पेपर खाली ठेवला. वाचत नव्हतेच ते, माझ्याशी काय बोलायचं ते सुचत नव्हतं म्हणून नुसता समोर धरला होता. आणि ती, जिच्यासाठी मी इस्त्रीचा शर्ट घालून दुबईहून अजमानपर्यंत आलो होतो, ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली. तिला माझ्या तोंडून त्या शब्दाची सवय आहे. त्यांना नव्हती. श्रीलंकेतलं तमिळ घर, त्यात एक मराठी पोरगा येऊन बसलाय, एसी दुरुस्त करणारा, कॉलेज अर्धवट सोडलेला, आणि तो त्यांच्या भाषेत पाणी मागतोय. तिचे वडील पुढं झुकले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "बेटा, तमिळ किधर से सीखा?" मी म्हणालो, "मेरे पिताजी से, अंकल." ते म्हणाले, "अच्छा! और वो किधर सीखे?"

साधा प्रश्न होता, आप्पा. चेहऱ्यावर नुसतं कौतुक होतं. ज्या प्रश्नाची तुम्ही इतकी वर्षं वाट बघितलीत तो तुम्हाला सोडून माझ्यापुढं येऊन बसला, चहाच्या कपांच्या आणि मुरुक्कूच्या, म्हणजे त्यांच्या चकलीच्या, बशीच्या मधोमध. आणि मी खोटं बोललो. विचारसुद्धा केला नाही. "इधर ही, अंकल. अजमान में सिक्युरिटी में थे ना वो. बिल्डिंग में प्लंबर था जाफना का, उससे सीखे." इतकं सफाईनं सुटलं की माझं मलाच खरं वाटलं.

आज रविवार आहे. त्यांनी मला पुन्हा बोलावलंय, या वेळी जेवायला. जेवण झालं की गावी आईला फोन लावून दोन्ही घरं बोलणार, म्हणजे ते हिंदीत बोलणार, आई मराठीत बोलणार आणि मधे मी. आज जाऊन गप्प बसलो तर ती माझी आहे. आज जाऊन तोंड उघडलं तर पुढचं मला माहीत नाही. निघायला अजून वेळ आहे. खोलीतली पोरं कपडे धुतायत. मी खाटेवर पाय वर घेऊन बसलोय आणि कंपनीच्या सर्व्हिस शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला तुम्हाला लिहितोय. थकलोय, आप्पा. कामानं नाही. ऑगस्टमध्ये गच्चीवर कंडेन्सर उघडून बसलं की लोखंडी पान्यानं हात भाजतो, त्याची सवय झालीय. हा थकवा वेगळा आहे. बोललेलं खोटं पाठीवर घेऊन आठवडाभर जिने चढल्यासारखं वाटतंय.

ती मला तण्णीमुळंच भेटली, हे तुम्हाला सांगायला पाहिजे. दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागात एका दाताच्या दवाखान्याचा एसी बंद पडला होता. तुमचा पोरगा, ज्यानं शाळेत एकाचा दात पाडला, त्याला प्रेम झालं ते दाताच्या दवाखान्यात, हसा. ती काउंटरवर बसते. मी आणि हेल्पर शिडी घेऊन आत गेलो तेव्हा ती फोनवर कुणाला तरी समजावत होती की डॉक्टर येतीलच, इन्शाल्ला, फाइव्ह मिनिट्स, आणि फोन ठेवून स्वतःशीच म्हणाली, "फाइव्ह मिनिट्स माय फूट." मी शिडीवरून तिच्याकडं बघत राहिलो आणि फिल्टर उलटा बसवला. खाली उतरून तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो, आणि सगळं हिंदी विसरलो. म्हणालो, "मॅडम, थोडा तण्णी मिलेगा?"

तिनं भुवया वर केल्या. "तण्णी? सुबह सुबह? इन अ क्लिनिक?"

मला काही कळेना. मग तिनंच सांगितलं, तमिळमध्ये तण्णी म्हणजे पाणी, पण जरा वेगळ्या सुरात म्हटलं की दारू. "तू तमिळ है क्या?" मी म्हणालो नाही, मराठी. "फिर?" मी म्हणालो, आमच्या घरी पाण्याला तण्णी म्हणतात. तिला ते इतकं आवडलं की नंतर महिनाभर ती मला व्हॉट्सॲपवर नुसती एक ग्लासाची खूण पाठवायची. तीही वडिलांना अप्पाच म्हणते, आप्पा. पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं, "अप्पाला सांगू नको हं," तेव्हा मी एकदम वळून दाराकडं बघितलं. वाटलं तुमच्याबद्दलच बोलतेय.

आता आपलं गावचं स्वयंपाकघर. तुम्हाला आठवत असणार, पण मला ते परत एकदा नीट मांडून बघू दे. मी नववीत, तुम्ही फौजेतून सुटून अजमानला लागलेले, सुट्टीवर आलेले. मागच्या बाकावरून एकजण बोलला, "मेडलवाल्याचा पोरगा बघा! बाप दुबईत वॉचमन, लोकांच्या गाड्यांची दारं उघडतो." मी वळलो आणि हातातली कंपासपेटी त्याच्या तोंडावर मारली. समोरचा दात गेला. हेडमास्तरांनी तुम्हाला बोलावलं. पंधरा ऑगस्टला जी शाळा तुम्हाला झेंड्याला बोलवायची, त्याच शाळेत तुम्ही त्या पोराच्या बापापुढं हात जोडून उभे राहिलात. म्हणालात, "वॉचमनच हाय मी. पोरगं खरं तेच बोललं." मग त्या पोराला मोटरसायकलवर घालून स्वतः डॉक्टरकडं घेऊन गेलात. मी गेटजवळ लाजेनं मेलो होतो. तुमची लाज वाटत होती मला, स्वतःची नाही.

आई मावशीकडं गेली होती. घरी येऊन तुम्ही हातपाय धुतलेत, गॅस पेटवलात, परातीत जोंधळ्याचं पीठ घेतलंत. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी दाराला टेकून उभा आहे. अजून उभाच आहे, असं वाटतं कधीकधी.

"तण्णी दे," तुम्ही म्हणता.

मी आधणाचं पातेलं उचलून ओततो आणि धुमसत म्हणतो, "पाणी म्हणा की. लोक हसतात."

"कोण हसतं?"

"सगळे. मला वाटायचं फौजेतला शब्द आहे. भूगोलाचे सर म्हणाले, मद्राशी आहे."

"मास्तर खरं बोलला." तुमची बोटं पिठात तशीच थांबली. "मेडल कशाचं हाय, सांग बघू."

मला पाठ होतं. जखमी जवानाला भर गोळीबारातून एकट्यानं पाठीवर घालून आणलं, त्याबद्दल. तुम्ही ऐकून घेतलंत, आणि म्हणालात, "हां. ते झालं मेडलचं. आता माझं ऐक."

मग तुम्ही सांगत गेलात, परातीकडं बघत. "श्रीलंकेत त्यांच्यात्यांच्यात भांडण, भावकीसारखं. आमाला सोडवायला धाडलं. भावकीच्या भांडणात जो मधी पडतो तो दोन्हीकडनं मार खातो, तसं झालं. आधी गळ्यात हार घातलं त्यांनी, मग काय काय झालं ते इचारू नको. एका दुपारी ताडाच्या झाडांतनं चाललो व्हतो, झापांची कुंपणं, मधनं पायवाट. पुढनं गोळीबार सुरू झाला. हवालदार आमचा सांगलीकडचा. घाईत हिंदी इसरला आन मराठीत वरडला, 'मागं! मागं!' त्याला म्हणायचं व्हतं, मागं सरका. सगळी पोरं सरकली. मी काय ऐकलं?"

"काय?"

"रानात एखाद्याच्या पाठीमागं साप निघाला तर तू काय वरडतोस?"

"मागं!"

"मग? मी तेच ऐकलं. तुझ्या मागं हाय. वळलो आन घोडा दाबला. बघितलं नंतर."

पीठ तुमच्या बोटांवर वाळायला लागलं होतं. पांढऱ्या भेगा पडत होत्या. मी विचारलं, "कोण होतं?"

"म्हातारा. लुंगीवर. हातात तांब्या. पडला न्हाई, खाली बसला, आपण जेवायला बसतो तसा. म्हणाला, तण्णी. मला वाटलं पाणी मागतोय. मी माझी बाटली काढून त्याच्या तोंडाला लावली. त्यानं मान हलवली. परत म्हणाला, तण्णी, आन बोट दाखवलं. बोट दाखवलं तिकडं चरीत आपल्या फौजेतला पोरगा पडलेला, मांडीत गोळी, ओठ वाळलेलं. पाणी पाणी करत व्हता. म्हातारा पाणी मागत नव्हता रं. पाणी आणत व्हता."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. पुढचं तुम्ही भरभर सांगून टाकलंत. बाकीचे मागं सरकले होते म्हणून तुम्ही एकटे राहिलात. एकटे राहिलात म्हणून आपला पोरगा तुम्हाला दिसला. त्याला पाठीवर घातलंत, आणलंत. म्हाताऱ्याला तिथंच ठेवलंत. त्याचा कलंडलेला तांब्या तेवढा सरळ करून ठेवलात. "तवापासनं मला पाणी म्हणवत न्हाई," तुम्ही म्हणालात. "तुज्या आईला वाटतं, शौक हाय."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर तुम्ही वाळल्या पिठाचं बोट माझ्यावर रोखलंत. आयुष्यात तुम्ही मला एकदाच रागावलात, ते हे. आवाज चढवला नाहीत. "आज तू दात पाडलास. मागनं आवाज आला म्हणून. तुजा हात माज्यासारखा हाय, म्हणून सांगितलं. मागनं आवाज आला की आधी बघायचं. मग काय करायचं ते करायचं."

"हे कुणाला सांगायचं नाही ना?"

"आपल्यातल्यांना सांगून काय करणार? त्यांना मेडलच दिसतं. त्यांच्यातलं कुणी इचारलं तर मातर सांगायचं. सगळं." तुम्ही हातावरचं पीठ खरवडायला लागलात. "तिकडं बिल्डिंगला प्लंबर हाय, जाफन्याचा. रोज माज्या केबिनीत बसून चा पितो. माजं तमिळ ऐकून पोट धरून हसतो. पण कुठं शिकलास, हे एकदा सुदीक इचारलं न्हाई त्यानं."

"मग तुम्हीच सांगा की."

"इचारल्याबिगर कसं सांगू? त्याच्या चाच्या कपात घालू व्हय? वाट बघतो."

त्या दिवशीच्या भाकरी कडक झाल्या. आपण दोघांनी दुधात कुस्करून खाल्ल्या. सुट्टी संपवून निघताना तुम्ही मला अजमानहून आणलेली स्टीलची बाटली दिलीत, जाड, झाकणाला साखळी असलेली. मला मोबाइल पाहिजे होता. मी बाटली माळ्यावर टाकली. पुढच्या वर्षी तुम्ही पेटीतून आलात. कंपनीच्या खोलीत झोपेतच गेलात म्हणे, दुसऱ्या दिवशीचा युनिफॉर्म खुंटीला तयार. काकानं तुमच्या तोंडात पाणी घालायला सांगितलं. मी घातलं. ओठांत तण्णी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही.

तुमचं सांगणं काही मला पाळता आलं नाही. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी एका सरांनी भर वर्गात म्हटलं, "सैनिक कोट्यातून आलेत साहेब, डोकं कुठून येणार?" मी आधी बघितलं नाही. खुर्ची फेकली. लागली नाही कुणाला, फळ्याला लागली, पण मी त्याच पावली बाहेर पडलो आणि परत गेलो नाही. आईनं माळ्यावरून तुमची बाटली काढून दिली आणि मी इकडं आलो, तुमच्याच वाटेनं. तेव्हापासून ती खांद्याला असते. इथल्या उन्हातही तिच्यातलं पाणी दुपारपर्यंत गार राहतं. एवढी चांगली वस्तू तुम्ही चौदा वर्षांच्या पोराला दिली होतीत आणि तो रुसला होता.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी मी तुमची बिल्डिंग शोधत अजमानला गेलो होतो. केबिन तीच असावी. आत एक नेपाळी पोरगा फोनवर गाणी ऐकत बसला होता. उठून म्हणाला, "किससे मिलना है, भाई?" मी म्हणालो, प्लंबरला. तो म्हणाला, "यहाँ का प्लंबर तो पाकिस्तानी है. बुलाऊँ?" मी म्हणालो नको. त्यानं मला पाणी दिलं, मी प्यालो. एक लँडक्रूझर आली तसा तो धावत जाऊन कडक सॅल्यूट मारून आला. तुम्ही कधी मारायचा नाहीत म्हणे. आई सांगते, सुपरवायझरनं बजावलं तेव्हा तुम्ही म्हणालात, दार उघडतो, बॅगा उचलतो, सॅल्यूट तेवढा तिकडंच ठेवून आलोय.

तर त्या खोट्याचं काय झालं ते ऐका. त्याला फळ आलं, आप्पा. तिचे वडील उठून माझ्याशेजारी येऊन बसले. "जाफना का प्लंबर? नाम क्या?" मी म्हणालो, माहीत नाही. त्यांनी मांडीवर थाप मारली. मग ते बोलायला लागले. घराच्या मागं विहीर होती, तिचं पाणी गोड होतं, सगळी गल्ली भरायला यायची. गाव सोडून नावेतून निघाले तेव्हा ते लहान होते आणि त्यांच्या आईनं त्या विहिरीचं पाणी एका बाटलीत भरून घेतलं होतं, ते वाटेतच संपलं. आतून तिची आई येऊन दाराशी उभी राहिली. ती तर बापाकडं अशी बघत होती, जणू कुणीतरी नवीन माणूस घरात आलाय. शेवटी ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तेरा बाप अच्छा आदमी था. दूसरे का भाषा कौन सीखता है?" आणि मला जेवायला परत ये म्हणाले.

बसस्टॉपपर्यंत ती सोडायला आली. तिचे डोळे भरलेले. "यू डोन्ट अंडरस्टँड. अप्पा कधी काहीच बोलत नाही. नेव्हर. टीव्हीवर इंडियाची परेड लागली ना, तर उठून चॅनल बदलतो. मी लहानपणी विचारलं होतं, व्हाय? तर म्हणाला, आवाज जास्त आहे." मग माझा दंड धरून म्हणाली, "तुझ्या अप्पानं केलं हे. त्यांच्या एका शब्दानं."

मी हो म्हणालो.

त्या रात्री खोलीवर आल्यावर मी फोनवर नकाशा काढून बसलो. तिचं गाव किनाऱ्याला आहे, पार वरच्या टोकाला. तुम्ही तुमच्या त्या गावाचं नाव कधी सांगितलं नाहीत, तुम्हाला ते उच्चारताच यायचं नाही, पण समुद्र दिसायचा नाही एवढं म्हणाला होतात. आणि तिचे आजोबा म्हातारे होऊन कोलंबोत वारले, हे तिनंच मागं सांगितलंय. म्हणजे तो तांब्यावाला त्यांच्यातला नव्हे. केवढं सुटल्यासारखं वाटलं मला! आणि लगेच इतकी शिसारी आली स्वतःची. तो कुणाच्या तरी घरातला होताच की. त्या घरातली पोरं नसतील का कुठं? असतील इथंच, कुठल्यातरी काउंटरला, कुठल्यातरी गच्चीवर.

परवा आईला फोन लावला. तिला एवढंच सांगायचं होतं, की रविवारी फोन येईल तेव्हा तुमच्या मेडलबद्दल काही बोलू नकोस. ती आधीच म्हणाली, "मी सांगणार हाय हं त्यांना, पोरगं कुणाचं हाय ते. उगं एसीवाला समजू नयेत." मी म्हणालो, "आई." ती म्हणाली, "काय?" मी म्हणालो, "काही नाही. जेवलीस का?" तिला काय सांगणार होतो, की तुझ्या नवऱ्याचं मेडल डाळीच्या डब्यामागं लपव? मेडल खरं आहे. त्या जवानाची पोरं आज कुठंतरी नोकरीला असतील, तुम्ही त्याला आणलंत म्हणून. तांब्याही खरा आहे. तुम्ही दोन्ही एका हातावर घेऊन जगलात, आणि सगळ्यांनी एकच बघितलं.

आठवडाभर मी शिडीवर उभं राहून हाच हिशेब करतोय की सांगितल्यानं कुणाचं भलं होणार. त्या माणसानं एवढ्या वर्षांनी तोंड उघडलं, ते माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून. आता जाऊन म्हणू, की अंकल, तो शब्द प्लंबरचा नाही? तुमच्या ताडांतून आलाय तो, असा असा? तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कुठल्या तोंडानं परत घेऊ? आणि नाही सांगितलं, तर उद्या आमच्या घरात पोरं होतील, ती तण्णी मागतील. ती हसून देईल. त्यांचे आजोबा प्रेमानं तांब्या भरून आणतील. मी बघत बसू? प्रत्येक वेळी?

तुम्ही म्हणाला होतात, मागनं आवाज आला की आधी बघायचं. तो प्रश्न समोरून आला होता, आणि मी तरी न बघताच घोडा दाबला. गोळी सुटावी तसं खोटं सुटलं. आता बघतोय. उशिरा का होईना, वळून बघतोय.

खालच्या खाटेवरचा रत्नागिरीचा पोरगा आत्ता बादली ठेवायला येऊन गेला. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "परत इस्त्री? सासुरवाडीला निघालास की इंटरव्ह्यूला?"

"दोन्ही."

"मग तोंड असं का एरंडेल प्यायल्यागत? पोरगी देतायत ना ते?"

"बघू."

"बघू काय बघू! यल्ला, लवकर जा, मासं-मावरं गरम असतं तोवर खा. आणि शहाणपणा करू नको तिथं. तुझं डोकं फिरलं की तू कुणाचं ऐकत नाहीस." तो टॉवेल खांद्यावर टाकून गेला. पोरं क्रिकेटला निघाली. तिचाही मेसेज आलाय: अप्पा सकाळी स्वतः जाऊन सुरमई घेऊन आलाय, कधी जात नाही, उशीर करू नको. पुढं ग्लासाची खूण.

डोकं फिरलेलं नाही, आप्पा. आज पहिल्यांदाच फिरलेलं नाही. म्हणून भीती वाटतेय. फिरलं असतं तर केव्हाच जाऊन सांगून मोकळा झालो असतो. आता शांतपणे, जेवायच्या आधी, त्यांनी वाढायच्या आधी सांगायचं आहे. त्यांचं मीठ खाऊन नाही. हिंदीत कसं सांगायचं तेही कळत नाही. 'मागं' ला ते लोक काय म्हणतात? पीछे म्हटलं तर त्यात साप येतच नाही. मराठीतच म्हणेन मागं, आणि मग समजावेन, दोन्ही अर्थ. ते उठून चॅनल बदलतील. नाहीतर मला बाहेर जा म्हणतील. नाहीतर काहीच म्हणणार नाहीत, ते सगळ्यात वाईट. ती काय करेल याचा विचार मी करत नाही, करायला गेलो तर पाय उचलणार नाही.

हे कागद पाठवायचे कुठं? गादीखाली राहतील. एकच सांगायचं राहिलं, तेवढं सांगतो. दवाखान्यात त्या दिवशी मला तहान लागली नव्हती. तुमची बाटली खांद्यालाच होती, काठोकाठ भरलेली, बर्फ घालून. तिच्याशी बोलायला काहीतरी निमित्त पाहिजे होतं, म्हणून मागितलं. हे तिलाही माहीत नाही.

आज बाटली खाटेवरच ठेवतोय. गेल्या गेल्या ते पाणी विचारतील, तिथूनच सुरू करेन. बूट घातले. खोलीत कुणी नाही. बाहेर पडतो, आणि मागं दार ओढून घेतो.